जुनी गिरणी ते निवडणूक रोखे : कंपन्या, सरकार आणि सोलापूर

राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी काढलेल्या निवडणूक रोख्यांची यादी मार्च २०२४ मध्ये बाहेर आली तेव्हा जो तो एकच विचारत होता : कोणत्या कंपनीने कोणाला किती दिले? प्रश्न रास्तच होता. पण देणगी ही या व्यवहारात बरीच उशिरा येते. त्याआधी कंपनीला सरकारकडून काहीतरी हवं असतं. कधी जमीन, कधी करात सूट, कधी स्वस्त मजूर, तर कधी बुडत्या धंद्याला टेकू. हे देणंघेणं पाहायचं तर सोलापूरसारखं दुसरं गाव नाही. इथल्या एका गिरणीपायी राज्यघटनेत दुरुस्ती झाली आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे १८६० च्या सुमारास सोलापूरला पोचली. ही खासगी कंपनी होती आणि तिचं भांडवल लंडनचं. १८४९ च्या करारानुसार तिच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. धंदा कमी पडला, तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरला जाई. याच रेल्वेच्या आधाराने १८७७ मध्ये मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ सुरू झाली. हीच सोलापूरकरांची जुनी गिरणी. मुरारजी पेठेला नाव मिळालं ते याच शेठजींचं. १८७६-७८ चा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. कामासाठी माणूस शोधावा लागत नव्हता.

पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि माणसं पुरवायला सरकारही पुढे आलं. ज्या जमातींच्या कपाळी ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची आणि तिथूनच गिरणीत कामाला पाठवायचं, अशी ही सोय होती. सोलापुरात त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. हा शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. कोणी कोणाला पाकीट दिल्याची नोंद इथे सापडणार नाही, आणि तशी गरजही नव्हती. सरकारला बंदोबस्त हवा होता, गिरणीला हात हवे होते. दोघांचं आयतंच जुळलं.

अर्थात गिरणीमालकांपेक्षाही वजनदार मंडळी होती. मँचेस्टरच्या कापडवाल्यांनी लंडनच्या पार्लमेंटवर दबाव आणला. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर बसला, तेव्हा बरोबरीने हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर बसवला गेला. म्हणजे सोलापुरात विणलेल्या कापडाने, सोलापुरात विकलं जातानाही, मँचेस्टरच्या सोयीसाठी कर भरायचा. १९२५ च्या डिसेंबरात तो स्थगित होईपर्यंत जवळपास तीस वर्षं हे चाललं. हे ज्यांना सोसावं लागलं, ते देशी उद्योजक मग स्वतःच सत्तेचे दरवाजे ठोठावायला शिकले.

वालचंद हिराचंद त्यांपैकीच. त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. सुरुवातीला ते सरकारी कामांचे कंत्राटदार होते. १९१९ मध्ये मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी सिंदिया जहाज कंपनी काढली. इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून तिला जेरीस आणलं. १९२८ मध्ये किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आलं. ते मांडणारे एस. एन. हाजी सिंदियाचेच अधिकारी होते! विधेयक काही कायदा झालं नाही. आज कोणी असं केलं तर आपण काय म्हणू, ते सांगायला नको. तेव्हा मात्र ते देशकार्यात जमा झालं, आणि माझ्या मते तसं मानण्यात फारशी चूकही नव्हती.

आता जुन्या गिरणीकडे परत येऊ. १९४९ च्या जुलैत कंपनीने कामगारांना गिरणी बंद करण्याची नोटीस दिली. मालाचे साठे पडून होते, पैशाची चणचण होती. २७ ऑगस्टला गिरणी बंद पडली आणि हजारो घरांची चूल अडली. ऑक्टोबरात सरकारने कंट्रोलर नेमला. ९ जानेवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताक व्हायच्या सतरा दिवस आधी, थेट वटहुकूम निघाला. एका कंपनीसाठी, तिचं नाव घालून! गैरकारभारामुळे गरजेच्या मालाचं उत्पादन घटलं आणि बेकारी वाढली, असं कारण त्यात दिलं होतं. संचालक आणि मॅनेजिंग एजंट (कराराने कारभार पाहणारी पेढी) बाजूला झाले, सरकारने नेमलेले संचालक आले. पुढे वटहुकुमाचा कायदाही झाला.

चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा म्हणजे समानतेचा भंग, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते फेटाळलं. पण प्रकरण मिटलं नाही. कंपनीच्या १०० रुपयांच्या प्रेफरन्स शेअरवर (ज्याला लाभांश आधी मिळतो अशा शेअरवर) तोवर ५० रुपयेच भरलेले होते. सरकारी संचालकांनी उरलेले ५० मागितले. असे शेअर होते ३२,०००. म्हणजे मागणी १६ लाखांची. द्वारकादास श्रीनिवास यांनी याला आव्हान दिलं. कारभार आमच्या हातून काढून घेतला, वर पैसेही आम्हीच भरायचे? १८ डिसेंबर १९५३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : ही मालमत्ता भरपाई न देताच काढून घेतल्यासारखं आहे, कायदा घटनाबाह्य.

यावर सरकारने १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती आणली. जमीनदारी आणि भरपाईच्या निकालांची कारणंही तिच्यामागे होती, पण कलम ३१(अ) मध्ये जो नवा भाग आला त्यावर सोलापूरची छाप स्पष्ट दिसते : सार्वजनिक हितासाठी किंवा कारभार नीट चालावा म्हणून मालमत्तेचं व्यवस्थापन ठरावीक मुदतीपुरतं सरकार ताब्यात घेऊ शकतं. हा भाग आजही घटनेत आहे.

कंपन्या सरकारला वाकवतात, हे आपण नेहमी ऐकतो. इथे सरकारनेच घटना वाकवली, तीही कामगारांचं नाव घेऊन. त्याला चांगलं म्हणायचं की वाईट, हे गिरणीच्या चाळीत राहणाऱ्याने वेगळं सांगितलं असतं आणि ५० रुपयांची नोटीस हाती पडलेल्या भागधारकाने वेगळं.

या मॅनेजिंग एजंटांवर जरा थांबायला हवं. कंपनी भागधारकांची, पण कारभार कराराने एका पेढीकडे. भागधारकांना लाभांश मिळो न मिळो, पेढीची दलाली चालू. राजकीय पक्षांना पैसे देण्याचा निर्णयही अशाच मोजक्या हातांत असे. १९५७ मध्ये टाटा आयर्नच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला यांनी कंपनीच्या नियमांत पक्षांना देणगी देण्याची तरतूद अडवली नाही, पण बड्या भांडवलाच्या देणग्यांनी लोकशाहीला धोका असल्याचा इशारा संसदेला दिला. १९६० मध्ये देणग्यांवर मर्यादा आली. १९६९ च्या एकाच दुरुस्ती कायद्याने देणग्यांवर बंदी आणली आणि मॅनेजिंग एजन्सीचाही शेवट केला. बंदीने पैसा थांबला नाही, फक्त हिशेबाच्या वहीबाहेर गेला. १९८५ मध्ये बंदी उठली, नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. २०१३ मध्ये ती साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये मर्यादाच काढली, आणि २०१८ पासून रोखे आले. देणारा कोण हे मतदाराला कळू नये, अशीच ती रचना होती.

१५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने रोखे रद्द केले आणि कंपन्यांची मर्यादा काढणारी दुरुस्तीही. एक वाट अजून खुली आहे. २०१३ च्या योजनेखालचे इलेक्टोरल ट्रस्ट अनेक कंपन्यांकडून पैसे घेतात आणि पक्षांना वाटतात. ट्रस्टला कोणी दिले हे कळतं, ट्रस्टने कोणाला दिले हेही कळतं. पण एकाच ट्रस्टात दहा कंपन्यांचे पैसे आणि चार पक्षांना वाटप असेल, तर कोणाचा रुपया कुठे गेला हे त्या कागदांवरून लावता येत नाही.