बाणाचा ‘स्पाइन’ : एका आकड्यामागचा इतिहास

मुंबईत कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य घेणारा तिरंदाज ज्या तक्त्यावरून बाण निवडतो, तो तक्ता मुळात अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यासाठी तयार झालेला आहे. साठ-सत्तर पाउंडांचे (म्हणजे ताणायला तितका जोर लागणारे) धनुष्य आणि बाणाच्या टोकाला शंभर ग्रेनचे (सुमारे साडेसहा ग्रॅमचे) धारदार पाते, असा त्यामागचा हिशेब असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांमुळे शिकार बंद झाली असल्याने ‘हंटिंग बो’ म्हणून विकले जाणारे धनुष्यही इथे फक्त लक्ष्यावरच चालते. तक्ता मात्र तोच राहतो. त्या तक्त्यात ३००, ३४०, ४००, ५०० असे जे आकडे दिसतात ते बाणाचा ताठरपणा, म्हणजेच तिरंदाजांच्या बोलण्यातला ‘स्पाइन’, दाखवतात. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. हा उलटा हिशेब का पडला आणि तो कोणत्या धनुष्यासाठी मांडला गेला, हे समजून घेतल्याशिवाय तक्ता नीट वाचता येत नाही.

बाण कसा असावा याचा विचार अर्थातच तक्त्यांपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडच्या धनुर्वेदाच्या परंपरेत पुढे जाड, मागे जाड आणि सर्वत्र सारखा असे बाणांचे तीन प्रकार सांगितले असून, पहिला दूर जाणारा, दुसरा खोल भेदणारा आणि तिसरा लक्ष्यवेधाला योग्य, असे त्यांचे गुण दिले आहेत. या वर्गीकरणात ताठरपणा वेगळा मोजलेला नाही, पण बाणाची जाडी कुठे आहे यावर त्याची चाल ठरते ही जाण त्यात स्पष्ट आहे. वेळू किंवा लाकूड निवडणारा कारागीर काडी बोटांनी वाकवून पाहत असे आणि एका भात्यातले बाण शक्यतो सारखे वाकणारे ठेवत असे. त्याला एवढे पुरत होते.

मोजमापाची गरज पडली ती एका जुन्या कोड्यामुळे. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो, त्यामुळे दोरी सुटून मध्यरेषेकडे येऊ लागली की बाणाचे टोक लक्ष्यापासून बाजूला वळलेले दिसायला हवे. तरीही चांगला बाण सरळ जातो. ‘तिरंदाजाचा विरोधाभास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कोड्याचा उलगडा १९३० च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने झाला. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन आणि त्यांचे समकालीन पॉल क्लॉपस्टेग यांनी धनुर्विद्येला प्रयोगशाळेची शिस्त लावली. बोटांवरून दोरी निसटताना ती थोडी आडवी सरकते, त्या धक्क्याने आणि मागून येणाऱ्या जोराने बाण आडवा वाकतो, मग उलट्या दिशेला वाकतो, आणि या हेलकाव्यात धनुष्याला वळसा घालून निघून जातो, हे त्या चित्रांत दिसले. बाण फार ताठ असला तर तो पुरेसा वाकत नाही, फार लवचीक असला तर जास्त वाकतो, आणि दोन्ही वेळा मागचा भाग धनुष्याला घासतो. म्हणजे ताठरपणा धनुष्याच्या जोराशी जुळवावा लागतो.

लाकडी बाणांच्या काळात ही जुळवणी सोप्या रीतीने होत असे. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवायची, मधोमध दोन पाउंडांचे वजन टांगायचे, आणि ती किती इंच झुकली त्या आकड्याने २६ ला भागायचे. अर्धा इंचापेक्षा किंचित जास्त, म्हणजे ०.५२ इंच झुकली तर उत्तर येते ५०, आणि ती काडी पन्नास पाउंडांच्या धनुष्याची. या पद्धतीत आकडा थेट धनुष्याच्या पाउंडांत मिळत होता आणि मोठा आकडा म्हणजे ताठ काडी, इतका हिशेब सरळ होता. माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने याहून समजायला सोपी पद्धत पुढे कधी आली नाही.

कॅलिफोर्नियातले डग ईस्टन १९२२ पासून लाकडी बाण बनवत होते; पण दोन लाकडी काड्या तंतोतंत सारख्या मिळणे कठीण, म्हणून १९३९ मध्ये ते अ‍ॅल्युमिनियमच्या नळीकडे वळले. नळीमुळे ताठरपणा कारखान्यात ठरवता येऊ लागला. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या काडीवर, २११७ असे छापलेले असेल तर पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत आणि पुढचे दोन म्हणजे भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. पातळ नळीचा ताठरपणा ढोबळमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या प्रमाणात मात्र फक्त एकपट. म्हणून व्यास थोडा वाढवून भिंत पातळ केली तरी तितकाच ताठ, पण हलका बाण मिळतो, आणि शिकाऱ्याला वजन व ताठरपणा वेगवेगळे निवडण्याची मुभा प्रथमच मिळाली. तक्ते गुंतागुंतीचे व्हायला सुरुवात झाली ती इथून.

त्यानंतर धनुष्यच बदलले. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसवून १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ते मंजूर झाले. साध्या धनुष्यात ओढ वाढत जाऊन शेवटी सर्वाधिक होते. कंपाउंडमध्ये ती लवकर शिखरावर पोहोचते, बराच वेळ तिथे राहते आणि पूर्ण ताणल्यावर एकदम उतरते. आजच्या धनुष्यांत हा उतार पासष्ट ते ऐंशी टक्क्यांपर्यंत, काहींत त्याहूनही जास्त असतो. तिरंदाजाच्या हाताला आराम मिळतो, बाणाला मात्र नाही: सुटल्यावर त्याला तितक्याच पाउंडांच्या साध्या धनुष्यापेक्षा जास्त ऊर्जा झेलावी लागते. त्यामुळे साठ पाउंडांच्या कंपाउंडला साठ पाउंडांच्या जुन्या हिशेबाचा बाण लवचीक पडू लागला, आणि तक्त्यात चाकांचा प्रकार, सौम्य की आक्रमक, असा नवा रकाना आला.

सुरुवातीचे कंपाउंडही बोटांनीच सोडत, म्हणून आडव्या हेलकाव्याचा जुना हिशेब काही काळ टिकला. यांत्रिक रिलीज, म्हणजे बोटांऐवजी दोरी धरून सोडणारे छोटे उपकरण, रूढ झाल्यावर तोही बदलला. रिलीजने दोरी जवळजवळ सरळ सुटते आणि मुठीचा भाग खोल कापलेला असल्याने बाण दोरीच्या रेषेतच बसतो. वळसा घालण्याचा प्रश्न उरत नाही. बाण तरीही वाकतो, पण मुख्यतः उभ्या पातळीत, कारण मागून अचानक दाबलेला लांब, सडपातळ खांब वाकतो तसाच तो वाकतो. इथे ताठरपणाचे काम एवढेच की हे वाकणे कमी राहावे, बाण रेस्टला (ज्या आधारावर तो टेकलेला असतो त्याला) न लागता निघावा आणि लवकर स्थिर व्हावा. रिकर्व्हमध्ये, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनचाकी धनुष्यात, ‘योग्य’ स्पाइनची पट्टी दोन्ही बाजूंनी अरुंद असते, कंपाउंडमध्ये ताठ बाजूला बरीच सवलत आहे. लवचीक बाजूला मात्र नाही, आणि फार लवचीक कार्बन शाफ्ट जोरदार धनुष्यावर फुटून हातात घुसण्याचा धोका खरा आहे.

कार्बन शाफ्ट १९८० च्या दशकात बाजारात आले. त्यांची भिंत आणि व्यास सांगून ताठरपणा कळत नाही, कारण तो तंतूंच्या रचनेवरही ठरतो. म्हणून पुन्हा थेट झुकाव मोजण्याकडे जावे लागले. पण आता आधारांतले अंतर २८ इंच आणि वजन ८८० ग्रॅम, म्हणजे १.९४ पाउंड. झुकाव इंचाच्या हजाराव्या भागांत मांडतात: तो अर्धा इंच असेल तर आकडा ५००, आणि कमी झुकणारा बाण ताठ म्हणून लहान आकडा ताठपणाचा. जुन्या आणि नव्या रीतीत अंतरही वेगळे, वजनही वेगळे, त्यामुळे ५०० चा शाफ्ट जुन्या पद्धतीने साधारण ६३ पाउंडांचा भरतो.

हा आकडा स्थिर अवस्थेतला आहे. धनुष्यावर बाण किती वाकेल हे त्याची कापलेली लांबी, टोकाचे वजन, ओढीचे पाउंड आणि चाके मिळून ठरवतात. टोक जड केले किंवा शाफ्ट लांब ठेवला की तोच ४०० चा बाण लवचीक वागतो. शिकाऱ्याला हे जास्त बोचते, कारण पात्याचे टोक पुढे लावलेल्या छोट्या पंखांसारखे काम करते आणि सुटताना वाकलेला बाण त्यामुळे भरकटतो. म्हणून त्याचा कल ताठ शाफ्टकडे असतो, आणि तक्त्यातही तोच कल उतरला आहे.

मुंबईत स्थिती निराळी आहे. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमाने कंपाउंडची ओढ ६० पाउंडांवर जाऊ शकत नाही आणि शाफ्टचा व्यास ९.३ मिलिमीटरपर्यंतच चालतो. पावसाळ्यात सराव १८ मीटरच्या बंदिस्त रेंजवर होत असेल तर लक्ष्यावरच्या वर्तुळाची रेषा छेदून वरचे गुण मिळवायला जाडजूड, ताठ बाण परवडतो. ५० मीटरवर वाऱ्यात बारीक बाण हवा. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडची वैयक्तिक जागतिक विजेतेपदे जिंकली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही येत आहे. साहजिकच इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यावरून थेट कंपाउंडकडे वळणारी मुले दिसतात. बांबूच्या धनुष्यावर शिकलेला ‘बाण वाकून वळसा घालतो’ हा धडा ती सोबत आणतात, आणि चाचणीसाठी ताणलेल्या कागदातून बाण सोडल्यावर आडवी फाट आली की लगेच स्पाइनला दोष देतात. कंपाउंडमध्ये अशी फाट आली तर स्पाइन बदलण्याआधी रेस्टची जागा, मुठीवरची पकड आणि पिसे कुठे घासतात का, हे तपासावे लागते. तिथे सगळे ठीक असेल आणि धनुष्याची ओढ दोन-तीन पाउंड कमी केल्यावर फाट लहान होत असेल, तरच बाण लवचीक पडतो आहे असे म्हणायला आधार मिळतो.