‘वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’ ही ओळ आली कुठून?

नेमणूकपत्राबरोबर कामाचं स्वरूप सांगणारा एक कागद हातात पडतो. त्यात आठ-दहा मुद्दे असतात आणि शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: ‘वरिष्ठांनी वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’. रुजू होण्याच्या धांदलीत ही ओळ कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. मी हिशेबाच्या कामावर लागले होते. दुसरं वर्ष उजाडेपर्यंत बैठकांची इतिवृत्तं लिहिणं, नव्याने आलेल्यांना शिकवणं आणि बिघडलेल्या प्रिंटरसाठी दुरुस्तीवाल्याच्या मागे लागणं ही तीन कामं माझ्या गळ्यात कायमची पडली होती. कुणी हुकूम सोडला नव्हता. दर वेळी कुणीतरी टेबलापाशी येऊन ‘एवढं जरा बघता का?’ म्हणालं होतं, इतकंच. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर मात्र या तिन्ही कामांसाठी एकही रकाना नव्हता.

तो रकाना का नसतो, हे कळायला आधी त्या कागदाचा जन्म पाहावा लागतो.

कामाची वाटणी जुनीच आहे. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचं वर्णन केलं, तेव्हा एका टाचणीमागे सुमारे १८ वेगवेगळ्या क्रिया होत्या. पण कुणी काय करायचं ते कागदावर उतरवून कामगाराच्या हाती देण्याची पद्धत पक्की झाली ती फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याच्या काळात. टेलरचं ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचं पुस्तक १९११ साली आलं. प्रत्येक कामगाराचं काम व्यवस्थापनाने निदान एक दिवस आधी पूर्ण आखावं, काय करायचं, कसं करायचं आणि किती वेळात करायचं हे शक्यतो लेखी द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तोवर काम कसं करायचं याची जाण कारागिराच्या हातात असायची. टेलरला ती ऑफिसात आणायची होती. कागद मागितला तो मालकांच्या बाजूने, कामगारांनी नव्हे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आज आपण तोच कागद आपलं संरक्षण म्हणून पुढे करतो.

पुढची पायरी पगाराची. अमेरिकेत १९२३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी वर्गीकरणाचा कायदा झाला. एकाच प्रकारच्या कामाला वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळा पगार मिळत होता, तो प्रकार थांबावा म्हणून पदाची कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या लिहून त्यांवरून पगाराची श्रेणी ठरवायची, असं त्याचं सूत्र होतं. हेतू चांगला होता आणि त्यातून न्यायही झाला. पण एकदा लिहिलेल्या कामावरून पगार ठरू लागला, की न लिहिलेलं काम आपोआप हिशेबाबाहेर जातं. माझ्या फॉर्मवरचा तो नसलेला रकाना इथपर्यंत मागे जातो.

कामगार संघटनांनी या कागदाची ताकद लवकर ओळखली. कुणाला कुठलं काम द्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे कारखान्यांत फोरमनच्या मर्जीवर चालायचं. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९३६ च्या डिसेंबरअखेर जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि ४४ दिवस हलले नाहीत. संघटनेला मान्यता मिळाली. त्यानंतरच्या काळात मोटार उद्योगातल्या करारांमध्ये सेवाज्येष्ठता आणि कामांची वर्गवारी यांची कलमं भक्कम होत गेली. ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य त्या पिढीने कष्टाने मिळवलं. आज ते कामचुकारपणाचं लक्षण मानलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

अर्थात या ढालीची किंमतही होती. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या जहाजगोद्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुठला पाइप प्लंबरने बसवायचा आणि कुठला फिटरने, यावरून दोन संघटनांत भांडणं जुंपत आणि काम बंद पडे. जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंट कारखान्यात कामगारांचे ऐंशीहून अधिक वर्ग झाले होते. तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. टोयोटाबरोबर भागीदारीत १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा उत्पादनातल्या सगळ्यांसाठी एकच वर्ग ठेवला गेला. कामगार बरेचसे जुनेच होते. आता ते गटात काम करत, एकमेकांची कामं शिकत. लवचीकपणाचे गोडवे गाताना हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण त्याच करारात व्यवस्थापनाने सहजासहजी कुणाला कामावरून कमी न करण्याचं वचन दिलं होतं, हे सांगायचं राहून जातं. विक्री मंदावली तेव्हा ते पाळलंही गेलं. जास्तीच्या कामाच्या बदल्यात त्या माणसांना काहीतरी ठोस मिळालं होतं.

लिहिलेल्यापलीकडचं काम नाकारता येतं का, हा प्रश्न न्यायालयांतही गेला. ब्रिटिश रेल्वेच्या चालकांनी १९७२ मध्ये ‘नियमानुसार काम’ आंदोलन केलं. नियमपुस्तिकेतला प्रत्येक नियम अक्षरशः पाळायला सुरुवात केल्यावर गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. अपील न्यायालयाने म्हटलं, सेवा विस्कळीत करण्याच्या हेतूने असं नियमावर बोट ठेवणं हा नोकरीच्या कराराचाच भंग आहे. म्हणजे लिहिलेलं तेवढंच करून गाडी चालत नाही, हे कायद्यानेही मान्य केलं. तिथलेच प्राप्तिकर खात्याचे कर्मचारी १९८४ मध्ये न्यायालयात गेले: हाताने करायचं काम संगणकावर करायला लावणं म्हणजे वेगळीच नोकरी देणं, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. नोकरी तीच, पद्धत बदलली. कर्मचाऱ्याने जुळवून घ्यावं आणि मालकाने शिकवावं.

कागदाबाहेरच्या या कामाला अभ्यासकांनी नाव दिलं ते जरा उशिरा. केवळ नेमून दिलेल्या वागणुकीवर विसंबणारी संस्था फार ठिसूळ असते, असं डॅनियल कॅट्झ यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. ऐंशीच्या दशकात डेनिस ऑर्गन यांनी अशा वागण्याला ‘संस्थेतलं नागरिकत्व’ म्हटलं. नाव मोठं सुरेख आहे. पण त्यांच्या १९८८ च्या व्याख्येतच म्हटलं आहे, की हे वागणं स्वेच्छेचं असतं आणि बक्षिसाच्या अधिकृत व्यवस्थेत त्याची थेट दखल घेतली जात नाही. स्वित्झर्लंडमधल्या नॉर्बर्ट झेमर यांनी दुसरी बाजू धरली. आपल्याकडून अपेक्षितच नसावीत अशी कामं, किंवा मुळात कुणीच करायची गरज नसलेली कामं, यांनी माणूस दुखावतो, कारण त्यातून आपली किंमत काय हे त्याला कळतं. संध्याकाळी निघताना तिसऱ्यांदा प्रिंटरचा फोन लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे काम नेमकं कुणाकडे जातं, हे लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. त्यांनी अनोळखी माणसांचे तिघा-तिघांचे गट केले. दोन मिनिटांत कुणीतरी एकाने संगणकावरचं बटण दाबायचं. दाबणाऱ्याला थोडे पैसे, इतर दोघांना जास्त आणि कुणीच दाबलं नाही तर तिघांनाही सगळ्यांत कमी. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत सगळे वाट पाहत. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटांत पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा स्त्रियांनी बटण दाबलं. नुसत्या पुरुषांच्या गटांत मात्र पुरुषांनी ते तेवढ्याच वेळा दाबलं, जेवढं नुसत्या स्त्रियांच्या गटांत स्त्रियांनी. म्हणजे हा स्वभाव नव्हे. मिश्र गटात स्त्री पुढे होईल, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. कामासाठी विनंती करायला एखादा माणूस नेमल्यावर त्यानेही स्त्रियांनाच जास्त वेळा विचारलं, मग विचारणारा पुरुष असो की स्त्री.

‘कोण करतंय?’ असं विचारून थांबू नका, पाळी लावा किंवा चिठ्ठी टाका, असा या संशोधकांचा सल्ला आहे. तो वाचल्यावर मी वर्षभर इतिवृत्तांवर गेलेले तास एका कागदावर मांडले आणि मूल्यमापनाच्या फॉर्मला जोडले. प्रिंटर अजून माझ्याकडेच आहे. इतिवृत्ताची पाळी मात्र आता आडनावांच्या अकारविल्हे यादीने लागते.