शुल्क शून्य झालं, तरी सीमा जात नाही

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्यावर चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो: करार झालाय, आयात शुल्क शून्य आहे, मग छोट्या व्यापाऱ्यांचं बिघडलं कुठे? २४ डिसेंबर २०२० ला करार जाहीर करताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीही शुल्काखेरीजचे अडथळे नसतील असं सांगितलं होतं. ते चूक होतं. मुक्त व्यापार करार आणि सीमाशुल्क संघ या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या की हा गोंधळ होतोच, आणि पाच वर्षांनंतरही तो तसाच चालू आहे.

मुक्त व्यापार करार बहुतेकांना माहीत असतो. एकमेकांच्या मालावर शुल्क नाही, आणि बाहेरच्या मालावर किती लावायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सीमाशुल्क संघात हे दुसरं स्वातंत्र्य नसतं. बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या सदस्यांचं शुल्क एकच. तुर्कस्तान १९९५ च्या अखेरीपासून युरोपीय संघाबरोबर, मुख्यतः औद्योगिक मालापुरता, अशा संघात आहे. नॉर्वे युरोपीय संघाच्या एकल बाजारपेठेत आहे, म्हणजे मालाचे नियम संघाचेच पाळतो, पण सीमाशुल्क संघात नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून दोन्हींच्या बाहेर आहे. त्याच्या हाती उरला तो फक्त करार. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे; तिला स्वतंत्र लेख लागेल.)

‘बाहेरचं शुल्क एकच’ हे लोक वाचतात आणि पुढे जातात. थांबायला हवं ते इथेच.

शुल्क सगळीकडे एकच असेल, तर माल कुठल्याही बंदरातून आत आला तरी तेवढेच पैसे भरून येतो. एकदा आत आला की तो मूळचा कुठला, हे विचारायचं कारणच उरत नाही. करारात मात्र ते विचारावंच लागतं. नाहीतर तिसऱ्या देशाचा माल जिथे शुल्क कमी तिथून शिरेल आणि पुढे फुकट सीमा ओलांडेल. म्हणून शून्य शुल्काची सवलत ब्रिटनहून *आलेल्या* मालाला नाही, ब्रिटनमध्ये *तयार झालेल्या* मालाला आहे. व्यापारात याला मालाचा ‘उगम’ म्हणतात, आणि सगळा घोळ याच एका शब्दाशी आहे.

समजा, ब्रिटनमधल्या एका छोट्या दुकानानं चीनमध्ये शिवलेले सुती शर्ट मागवले. ब्रिटनमध्ये येताना त्यांवर १२ टक्के शुल्क भरलं. त्यातला एक गठ्ठा युरोपीय संघात असलेल्या आयर्लंडच्या ग्राहकाला पाठवला, तर तिथे पुन्हा १२ टक्के. शर्ट ब्रिटनमधून निघाले, पण ते ब्रिटिश नाहीत. याहून विचित्र प्रकार मार्क्स अँड स्पेन्सरच्या ‘पर्सी पिग’ गोळ्यांचा झाला. गोळ्या जर्मनीत बनतात, ब्रिटनमध्ये येतात आणि तिथून आयर्लंडच्या दुकानांत जातात. युरोपीय संघात बनलेला माल युरोपीय संघात परत जातो आणि तरीही शुल्क लागू होतं, कारण मधल्या मुक्कामी त्यावर ‘ब्रिटिश’ ठरण्याइतकी काही प्रक्रियाच झालेली नसते.

मोठ्या कंपनीला यावर उपाय आहेत. बाँडेड गोदामात, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात, माल ठेवला की तो पुढे जाईपर्यंत शुल्क भरावं लागत नाही. किंवा युरोपातच वेगळं गोदाम घ्यायचं. चार माणसांच्या धंद्याला हे कुठून परवडणार?

स्वतः माल बनवणाऱ्याचीही सुटका नाही. कच्चा माल कुठला, त्याचं प्रमाण किती, त्या वस्तूला उगमाचा कोणता नियम लागतो, हे सगळं पाहून बिलावर उगमाचं निवेदन लिहायचं आणि कागद चार वर्षं जपायचे. शुल्क कमी असेल तर हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ते भरून टाकलेलं स्वस्त पडतं. म्हणजे सवलत कागदावर आहे, आणि जो सर्वांत लहान त्याच्याच ती हाती लागत नाही. सुरुवातीच्या काळात याला ‘नव्याची अडचण’ म्हणत होते, त्याची मला अजून चीड येते. उगमाचा प्रश्न हा कराराच्या रचनेचाच भाग आहे. सवयीनं तो जात नाही.

बाकीचे फरक थोडक्यात. खाद्यपदार्थांवरची पशुवैद्याची प्रमाणपत्रं एकल बाजारपेठ सोडल्यामुळे आली. चीजच्या एका भेट-पार्सलला असं प्रमाणपत्र घ्यायचं तर त्याचा खर्च चीजपेक्षा जास्त होतो, म्हणून कित्येकांनी युरोपातल्या घरगुती ग्राहकांना पाठवणंच बंद केलं. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर ट्रकचालकांच्या डब्यातले हॅम सँडविच काढून घेतले, तेही एकल बाजारपेठ सोडल्यामुळेच. मोबाइल रोमिंगचं शुल्क, कुत्र्यामांजरांच्या पासपोर्टऐवजी दर सहलीला नवा आरोग्य दाखला, ब्रिटिशांना युरोपात १८० दिवसांत ९० दिवसांची मुक्कामाची मर्यादा, यांचा सीमाशुल्काशी काहीही संबंध नाही.

आणि पार्सलवर मागितला जाणारा व्हॅट म्हणजे आयात शुल्क नव्हे! युरोपीय संघानं १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या २२ युरोपर्यंतच्या मालावरची व्हॅट-माफी काढली, ती जगातल्या सगळ्याच बाहेरच्या देशांसाठी. ब्रिटन सीमाशुल्क संघात परतला तरी तो व्हॅट हटणार नाही.

मे २०२५ मध्ये लंडनच्या शिखर बैठकीत ब्रिटन आणि युरोपीय संघानं अन्न व पशु-वनस्पती आरोग्याच्या नियमांवर करार करायचं ठरवलं. तो अमलात आला की चीजवाल्याची प्रमाणपत्रं बहुतेक जातील. आयर्लंडला शर्ट पाठवणाऱ्या दुकानाला मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. त्याला ते १२ टक्के दुसऱ्यांदा भरावेच लागतील.