गेममधल्या अक्षरांना काळी बॉर्डर आली कुठून

माझ्या गेमसाठी यवतमाळकडचा सीन घेतला होता. फुटलेला कापूस, डोक्यावर दुपारचं ऊन, अन् त्यावर पांढऱ्या अक्षरात बाबाचा डायलॉग. झालं, अर्धं वाक्य कापसात गायब. घरी मोबाईलवर दाखवलं तर म्हणे, "इथं काही लिवलं हाय का? दिसून नाही रायलं." मग अक्षराला काळी बॉर्डर दिली अन् काम झालं, पण ही बॉर्डर या टाईपच्या, म्हणजे चित्र पाहत गोष्ट वाचायच्या गेममधे आली कशी हे पाहायला गेलो तर बरंच मागं जावं लागलं.

सुरुवातीला तिची गरजच नव्हती. 1983 मधे युजी होरीई या जपानी गेमवाल्याचा 'पोर्टोपिया' गेम आला, त्यात चित्राची जागा वेगळी, मजकुराची वेगळी, दोघांची गाठच पडत नव्हती. खरी भानगड 1992 ची. चुनसॉफ्ट कंपनीनं सुपर फॅमिकॉमवर (टीव्हीला जोडायचं निन्टेन्डोचं गेम मशीन) 'ओतोगिरिसो' काढला, त्यात मजकूर सरळ पूर्ण चित्रावर पसरला, पुस्तकाच्या पानासारखा. आता मागं अंधार येईल का उजेड हे सीन ठरवणार, अक्षर बिचारं एकाच रंगाचं. अशा वेळी तीनच रस्ते: चित्र अंधारं करा, अक्षराखाली डब्बा टाका, नाहीतर अक्षराला कड द्या. पुढं 1996 मधे लीफ कंपनीनं आपल्या सिरीजला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हटलं अन् तेच नाव सगळ्यांना चिकटलं.

कड काढायची जुनी पद्धत एकदम देशी वाटते. तेच अक्षर काळ्या रंगात आठही दिशांना एकेक डॉट सरकवून छापायचं, मग वरून पांढरं बसवायचं. आपला पेंटर उलटं करतो, दुकानाच्या बोर्डावर आधी पिवळं अक्षर भरतो, मग बारीक ब्रशनं बॉर्डर मारतो, अन् हात हलला की बॉर्डर अक्षर खाते. कॉम्प्युटरमधे बॉर्डर आधी खाली पडते म्हणून अक्षराला धक्का लागत नाही. हा क्रम फार कामाचा आहे, पुढं येतोच.

2004 मधे टॉम रॉथमेलनं रेनपाय हे असे गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर काढलं (जपानी 'रेनआय' म्हणजे प्रेम, अधिक पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा), आपल्यासारखे फुकटवाले बहुतेक त्यावरच. तिथं आधी 'ड्रॉप शॅडो' होती, म्हणजे नुसती सावली, पण तिला एकाहून जास्त दिशा देता यायच्या म्हणून आठ दिशा लिहून बॉर्डर बनवायचा जुगाड जमायचा. एक डॉटपर्यंत ठीक, जाडी वाढवली की कोपरे तुटक दिसतात. नंतरच्या 'आउटलाइन्स'मधे चारच गोष्टी द्यायच्या, जाडी, रंग, आडवं किती सरकवायचं, उभं किती, अन् फ्रीटाईप (फॉन्टमधून अक्षर काढून देणारं आतलं सॉफ्टवेअर) अक्षराचा आकारच फुगवून देते. एकावर एक कितीही रचता येतात, म्हणजे पेंटरची बॉर्डर अन् शेड दोन्ही एका ओळीत.

पण भाऊ, हे सगळं इंग्रजी-जपानीवाल्यांचं सुख. रेनपायच्या डीफॉल्ट फॉन्टमधे, डेजावू सॅन्समधे, देवनागरीच नाही, नुसते चौकोन दिसतात. मुक्ता किंवा बालू हा देवनागरी फॉन्ट टाकला तर 'विदर्भ' असा यायचा की वेलांटी व च्या मागून अन् रफार भ वर चढायचाच नाही, द नंतर पाय मोडलेला र उघडा उभा. त्याला बॉर्डर देऊन काय उपयोग, चूक अजून ठळक! म्हणून वाक्याचं चित्र बनवून टाकायचो, अन् एक काना चुकला की पुन्हा पहिल्यापासून. 2023 च्या रेनपाय 8.1 व्हर्जनमधे हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर आलं, तेच अक्षरं नीट जोडून देते, अन् माझ्या मते मराठीसाठी बॉर्डरचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

अन् तो क्रम आपल्याला इथं कामी येतो. शिरोरेघेत अक्षरं एकमेकाला चिकटलेली, एक अक्षर पूर्ण बॉर्डरसकट काढून मग पुढचं काढलं असतं तर प्रत्येक जोडावर रेघेला काळा चिरा पडला असता. रेनपाय आधी सगळ्या बॉर्डरी टाकते, मग अक्षरं, म्हणून रेघ अखंड राहते.

मी जाडी सहा करून पाहिली. 'हिंगणघाट'मधला टिंब शाबूत राहिला, पण मधल्या सगळ्या फटी काळ्यानं भरल्या अन् नाव काळ्या पट्टीवर लिहिल्यासारखं दिसाले लागलं, मग डब्बाच काय वाईट होता? शेवटी दोनवर आणली, अन् कापूस जरा मळका केला.