रिफ्रेश मारल्यानं कॉम्प्युटर फास्ट होत नाही

दांडिया बाजारातले आमचे काका कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून सात-आठ वेळा रिफ्रेश मारतात. "मेमरी मोकळी होते रे!" बडोद्यात आमच्या वेळी कॉम्प्युटर क्लासातही हेच शिकवायचे.

नाही हो काका, होत नाही. रिफ्रेश किंवा एफ५ म्हणजे विंडोजला एवढंच सांगणं की या फोल्डरची यादी पुन्हा वाच आणि आयकॉन पुन्हा दाखव. डेस्कटॉपही शेवटी एक फोल्डरच. सेव्ह केलेली फाइल दिसत नसेल तर त्याचा उपयोग. रॅम, म्हणजे काका म्हणतात ती मेमरी, मोकळी करणं हे त्याचं कामच नाही. (ब्राउझरमध्ये एफ५ पान नव्यानं मागवतं, ती गोष्ट वेगळी.) मग फरक का जाणवतो? सुरुवातीची काही मिनिटं मागे बरंच काही लोड होत असतं. तुम्ही क्लिक करत बसता, तेवढ्यात ते उरकतं. श्रेय मात्र रिफ्रेशला.

परवा काकांकडे कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरचा कुठला भाग किती कामात आहे, ते त्यात दिसतं. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ९ टक्के, रॅम निम्मी रिकामी, डिस्क १०० टक्के! म्हणजे अडत होतं ते डिस्कपाशी. जुनी फिरणारी हार्ड डिस्क, त्यात स्टार्टअपला, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे, ११ प्रोग्रॅम. एक तर कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा. नको ते डिसेबल केले, अँटिव्हायरसला हात लावला नाही. थोडा फरक पडला. खरा पडेल तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवल्यावर, पण आधी फोटोंचा बॅकअप घ्यायचाय.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि सवयीनं राइट क्लिक केलं.