इमोटेट: पुसण्याआधीचे तीन महिने

इमोटेट हा मालवेअर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये लपून शिरणारा घातक प्रोग्राम. तो २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसला, तेव्हा जर्मनी-ऑस्ट्रियातल्या बँक खातेदारांची लॉगिन माहिती चोरणे हे त्याचे काम होते. काही वर्षांत ते मागे पडले आणि तो इतर टोळ्यांचे मालवेअर पोचवू लागला. ईमेलला 'बिल' म्हणून वर्डची फाइल जोडलेली असे. 'एनेबल कंटेंट' दाबले की मॅक्रो (फाइलीत दडवलेला छोटा प्रोग्राम) चाले, पॉवरशेल (विंडोजमधले आदेश चालवणारे साधन) सुरू होई आणि हॅक झालेल्या कुठल्या तरी साध्या वेबसाइटवरून इमोटेट उतरे. त्याच्यामागून ट्रिकबॉट हा दुसरा मालवेअर येई, आणि मोठे नेटवर्क हाती लागले तर रायुक हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. २०१९ पासून तर तो चोरलेल्या खऱ्या ईमेल संवादांत उत्तर म्हणून शिरू लागला.

जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याला हुकूम देणारे सर्व्हर ताब्यात घेतले. इमोटेट ज्या वाटेने स्वतःचे अपडेट उतरवायचा, त्याच वाटेने जर्मन पोलिसांनी बाधित कॉम्प्युटरांवर आपली फाइल पाठवली. तिच्यामुळे इमोटेट टोळीऐवजी पोलिसांच्या सर्व्हरशी बोलू लागला आणि २५ एप्रिलला तो काढून टाकण्याची सोयही तिच्यातच होती. आधी २५ मार्च ही तारीख सगळीकडे पसरली, कारण कोडमध्ये महिने शून्यापासून मोजले होते, म्हणजे तिथला ३ हा मार्च नसून एप्रिल होता.

मालकाला न विचारता त्याच्या कॉम्प्युटरवर सरकारने फाइल चालवावी का, यावर बरीच चर्चा झाली. प्रश्न रास्तच आहे. पण इमोटेट निघाला तरी त्याने आणलेले मालवेअर जागेवरच राहणार होते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ही फाइल इतर मालवेअर काढत नाही, हे अमेरिकी यंत्रणांनीही स्पष्ट केले होते. इमोटेट लगेच पुसला असता, तर आपल्या नेटवर्कमध्ये कुणी शिरले होते याची मोठी खूणच गेली असती. म्हणून मधले तीन महिने मोलाचे होते. त्या काळात मालकांना कळवण्याचे काम मात्र जास्त जोराने व्हायला हवे होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये इमोटेट परतला. या वेळी ट्रिकबॉटनेच त्याला आधीच बाधित असलेल्या कॉम्प्युटरांवर उतरवले. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो वर्डमध्ये आपोआप अडवले जाऊ लागले, त्यामुळे मार्च २०२३ मध्ये तो वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइलींतून येऊ लागला.