जाणारं मॉडेल की येणारं? नागपूरकरांच्या एका पेचाची पार्श्वभूमी

दसरा जवळ आला की गाडी घ्यायला निघालेल्या नागपूरच्या घराघरांत एक वाद ठरलेला असतो. बंद होणाऱ्या मॉडेलवर भरघोस सूट आहे, नव्या रचनेची गाडी मात्र पूर्ण किमतीला. वडील म्हणतात, "चांगली तर हाये ना गाडी, घेऊन टाक." पोराला नवीच हवी असते.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. अ‍ॅम्बेसेडर १९५० च्या दशकात आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. मार्क टू, मार्क थ्री अशी नावं बदलली, अंगकाठी मात्र जुन्या मॉरिस ऑक्सफर्डचीच. फियाट ११०० पासून आलेल्या पद्मिनीचंही तसंच. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं थांबायचं, मिळेल ती घ्यायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८६ मध्ये तिचं रूप पार बदललं. तरीही रांग होतीच, त्यामुळे निवडीला वाव नव्हता.

तो मिळाला १९९८ नंतर. त्या वर्षी ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका बाजारात उतरल्या. सुरुवातीच्या इंडिकाबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने सुधारून व्ही-टू आणली आणि तीच खऱ्या अर्थाने चालली. 'पहिल्या लॉटची गाडी घेऊ नये' हा सल्ला आजही दिला जातो, आणि इंडिकाचा अनुभव पाहता तो खोटा म्हणता येत नाही.

पुढे जुन्या गाडीची किंमत कायदाच ठरवू लागला. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ या धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या निकषावर बनलेल्या वाहनांच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. आदेश आला मार्चच्या अगदी शेवटी, आणि उरलेला माल, विशेषतः दुचाकी, मिळेल त्या भावात काढला गेला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल इंजिनच बंद केलं. डिझेल डिझायर हवी असलेल्यासाठी जुनी गाडी हाच एकमेव मार्ग उरला. त्या सवलती मुदत संपत आल्यामुळे होत्या. गाडीत खोट होती म्हणून नव्हे. हा फरक लक्षात न घेता सूट दिसली की लोक संशय घेतात, याचं मला वाईट वाटतं.

जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली, तरी महिंद्राने २००२ पासूनची जुनी स्कॉर्पिओ बंद केली नाही. ऑगस्टमध्ये तीच 'क्लासिक' म्हणून विकायला काढली. दोन्हींना गिऱ्हाईक आहे, हे कंपनीनेच मान्य केलं.

मात्र गेल्या काही वर्षांत पारडं नव्याकडे झुकलं आहे, आणि त्याचं कारण सुरक्षितता. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, सुरू केली आणि गाडीचे स्टार शोरूममधल्या बोलण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मधल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या तशाच आंतरराष्ट्रीय चाचणीचे पाच स्टार मिळाले. मारुतीच्या गाडीला असं पहिल्यांदाच घडलं. तिच्यात चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ताकद थोडी घटली. इंजिनाच्या गुळगुळीतपणावर जीव असलेल्यांना जुनीच आवडते, आणि ते मला समजतं. पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि डिसेंबर २०२२ मध्येच तो नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला. त्या रस्त्यावर घरच्यांना घेऊन जाणार असाल, तर सांगाडा बदललेली नवी गाडीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बंपर, दिवे आणि मोठी स्क्रीन एवढाच बदल असेल, तर जुनीवरची सूट खुशाल घ्यावी.

फक्त त्याआधी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, तो महिना छापून येतो. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तरी विकताना समोरचा तिला एक वर्षाने जुनीच धरतो. तेवढे पैसे आजच्या सवलतीत भरून निघत नसतील, तर सौदा पुन्हा बोलायला हवा.